यावलच्या घरी टीव्ही रेकॉर्ड करणारा संगणक बसवायचाय, कोणते भाग घेऊ?

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी,

आमचं गाव यावल तालुक्यात, घरची केळी. मी नोकरीसाठी जळगावात राहते, शनिवारी घरी येते. अण्णांना सह्याद्री वाहिनीवरचे शेतीचे कार्यक्रम बघायचे असतात, आणि नेमके तेव्हाच ते बागेत असतात, नाहीतर कापलेली केळी गाडीत भरणं चाललेलं असतं. घरी असले तरी करप्यावरच्या फवारणीचं प्रमाण पडद्यावर येतं आणि त्यांनी चष्मा लावून वही उघडेपर्यंत निघून जातं. मग मला फोन येतो, "दहा लिटरला किती सांगितलं गं?" मी तो कार्यक्रम बघितलेलाच नसतो. प्रमाण चुकलं तर एकतर औषध वाया जातं, नाहीतर पानं भाजतात, म्हणून मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही. त्यांना कार्यक्रम थांबवून, मागे नेऊन, पुन्हा बघता आला पाहिजे. आईची मालिका साधारण त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर असते, तीही चुकायला नको.

मोबाइलवर यूट्यूब आहे, पण गावात नेटचा भरवसा नाही. आणि अण्णांनी आता नवीन यंत्र शिकत बसावं असं मला वाटत नाही. टीव्ही, रिमोट, यादीतून कार्यक्रम निवडला की सुरू, इतकंच हवं.

घरात सध्या काय आहे ते सांगते. फ्री डिशची छत्री, एक सेट-टॉप बॉक्स, ३२ इंची एलईडी टीव्ही. तिसऱ्या पिढीचा आय३ असलेला जुना संगणक आहे, ४ जीबी रॅमचा. इन्व्हर्टर ८५० व्हीएचा. जुनं घर धाब्याचं, मातीच्या जाड भिंतींचं. पुढे पत्र्याची खोली वाढवली आहे आणि टीव्ही तिथे आहे. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत बसवत नाही. वीज जाते-येते, दाब कधी एवढा उतरतो की पंखा रेंगाळतो.

जळगावात एका दुकानात विचारलं तर आय५, १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड अशी यादी हातात दिली. टीव्हीचा सिग्नल घेणारं कार्ड त्या यादीत नव्हतंच. माझी तयारी ३०,००० रुपयांपर्यंत आहे. पैसे नक्की कशावर घालू? आणि मी आठवडाभर तिथे नसते, हे लक्षात घेऊन सांगा. बंद पडलं तर चालू करायला घरात कोणी नाही.

---

भुसावळ_जंक्शन

ताई, ती यादी गेम खेळायच्या संगणकाची आहे. तुमच्या कामाला ग्राफिक्स कार्ड नको आणि आय५ही नको. तुमचा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा: घरात कोणी नसताना हे चालत राहिलं पाहिजे. म्हणून पैसे ट्यूनर (टीव्हीचा सिग्नल घेणारं कार्ड), डिस्क आणि वीज या तिन्हींवर घाला. बाकी जे स्वस्तात मिळेल ते चालेल.

आधी रेकॉर्डिंग कसं होतं ते सांगतो, म्हणजे दुकानात कोणी काही सांगितलं तरी तुम्हाला ताडता येईल. उपग्रहावरून चित्र येतं ते आधीच दाबून, म्हणजे कमी जागेत मावेल असं करून येतं, काही वाहिन्या एमपीईजी-२ मध्ये, काही एमपीईजी-४ मध्ये. कार्ड तो प्रवाह पकडतं आणि संगणक तो जसाच्या तसा डिस्कवर लिहितो. प्रोसेसरला त्यात जवळजवळ काहीच काम नसतं. ॲनालॉग केबलच्या काळात चित्र दाबायचं काम संगणकावर पडायचं, तेव्हा ताकदीचा प्रोसेसर लागायचा. आता प्रोसेसर लागतो तो फक्त बघताना, आणि तेही काम त्याच्यातलंच ग्राफिक्स करतं.

ट्यूनर. फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. उपग्रहाच्या एकेका ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे एकेका फ्रिक्वेन्सीवर, बऱ्याच वाहिन्या एकत्र बांधलेल्या असतात. एक ट्यूनर एका वेळी एकच ट्रान्सपॉन्डर धरतो, पण त्यावरच्या हव्या तेवढ्या वाहिन्या एकदम रेकॉर्ड करता येतात. हे दुकानदार सांगत नाहीत आणि लोक उगाच चार-चार ट्यूनरचं कार्ड घेतात. सेट-टॉप बॉक्सवर सह्याद्रीची आणि आईच्या वाहिनीची फ्रिक्वेन्सी बघा. एकच असेल तर एक ट्यूनर पुरला. वेगळी असेल तर दोन हवेत. वाहिन्या जागा बदलतात, म्हणून मी असतो तर दोन ट्यूनरचंच घेतलं असतं. टीबीएसचं ६९०२ हे दोन ट्यूनरचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड या कामाचं आहे.

घेताना खोक्यावर डीव्हीबी-एस२ लिहिलेलं असलंच पाहिजे. डीव्हीबी-टी२ म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्याचा सिग्नल, डीव्हीबी-सी म्हणजे केबलचा. दोन्हींचा तुम्हाला उपयोग नाही. काही दुकानांत अजून जुने यूएसबी ट्यूनर पडलेले असतात, ते ॲनालॉगचे. स्वस्त आहे म्हणून उचलू नका. आणि पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या वाहिन्या या कार्डावर येत नाहीत. त्या कुलूपबंद असतात आणि किल्ली त्या कंपनीच्या बॉक्सात असते. फ्री डिशवरचीही एखादी वाहिनी कुलूपबंद असेल तर तीही येणार नाही. हव्या त्या दोन्ही वाहिन्या उघड्या आहेत ना, ते कार्ड मागवण्याआधी बघून घ्या.

आता छत्रीकडे या, कारण बहुतेक जण इथेच फसतात. तुमच्या छत्रीवरच्या एलएनबीला (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल पकडून वायरीत सोडणारा भाग) एकच तोंड असणार. तिथून येणारी वायर स्प्लिटर लावून बॉक्स आणि कार्डात वाटली तर दोन्हींचं भांडण होतं. एलएनबीला उभा सिग्नल हवा असेल तर १३ व्होल्ट आणि आडवा हवा असेल तर १८ व्होल्ट पाठवावे लागतात, आणि एका वायरीत एका वेळी एकच दाब असणार. आई बॉक्सवर वाहिनी बदलेल आणि तिकडे अण्णांचं रेकॉर्डिंग कोरं होईल. म्हणून चार तोंडांचा एलएनबी घ्या, प्रत्येक तोंडाला स्वतंत्र आरजी-६ वायर. दोन कार्डाला, एक बॉक्सला, एक शिल्लक. एलएनबी ही या सगळ्यातली स्वस्त वस्तू आहे, पण तिच्यावाचून बाकी सगळं अडतं.

डिस्क. साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर तासाला साधारण १.३५ जीबी होतात. म्हणजे २ टीबीच्या डिस्कमध्ये १,४०० तासांहून जास्त मावतं. एचडी वाहिनी ८ मेगाबिटची धरली तर तासाला ३.६ जीबी. तुम्हाला २ टीबी भरपूर. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेली घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. त्या दिवसरात्र लिहीत राहण्यासाठीच बनवलेल्या असतात. जळगावात गोलाणी मार्केटला कॅमेरे बसवणाऱ्यांकडे विचारा, ते हीच डिस्क वापरतात. एसएमआर पद्धतीची (माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) डिस्क टाळा. तिच्यावर एकाच वेळी दोन-तीन प्रवाह लिहायचे आणि एक वाचायचा म्हटलं की ती दमते. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या छोट्या एसएसडीवर टाका.

उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त असतं. डिस्कची मर्यादा ६०-६५ अंशांची असते, पण ती डिस्कच्या अंगाची, खोलीची नाही. बंद कॅबिनेटमध्ये डिस्क खोलीपेक्षा सहज दहा अंश वर जाते. तेव्हा रेकॉर्ड करणारा संगणक त्या पत्र्याच्या खोलीत ठेवूच नका. तुमच्याकडे धाब्याचं घर आहे, ते सोन्यासारखं आहे. जाड भिंतीच्या आतल्या खोलीत, जमिनीपासून फूटभर वर, भिंतीला न चिकटवता ठेवा. धाब्याची माती झडते, म्हणून वर मोकळी फळी मारा आणि पंख्याच्या तोंडाला जाळी लावा. डिस्कसमोरून हवा जाईल असा एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा पुरतो.

वीज. तुमच्या इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक बटण असेल, यूपीएस आणि नॉर्मल असं लिहिलेलं. ते यूपीएसवर असलं पाहिजे. संगणकाचा वीजपुरवठा लाइन गेल्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरेल असा बनवलेला असतो. नॉर्मलवर अदलाबदलीला त्याहून जास्त वेळ लागू शकतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती लावून ठेवा. तुमच्या घरात ही एक सेटिंग नसेल तर सोमवारी गेलेली वीज शनिवारी तुम्ही येईपर्यंत रेकॉर्डिंग बंद ठेवेल.

मदरबोर्ड इंटेल एन१०० चा घ्या. प्रोसेसर बोर्डावरच असतो, ६ वॉटचा, काही बोर्डांवर पंखाच नसतो. एमपीईजी-२, एमपीईजी-४, त्यांच्यानंतरची एचईव्हीसी, सगळं तो स्वतः उलगडतो. १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा बोर्डही मिळतो आणि तुमच्यासाठी तोच बरा, कारण असे अडॅप्टर बहुतेक १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. दाब उतरला तरी फरक पडत नाही. बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची जागा आहे ना, एवढं बघा. रॅम ८ जीबी पुरे.

---

पांझराकाठ

राम राम ताई, धुळ्याहून लिहितोय.

भुसावळच्या भाऊंनी सगळं बरोबर सांगितलंय, पण त्याआधी एक साधी गोष्ट करून बघा. फ्री डिशच्या बऱ्याच सेट-टॉप बॉक्सना यूएसबीचं तोंड असतं आणि पेनड्राइव्ह लावला की रेकॉर्डिंग होतं, टायमरही लागतो. आमच्या काकांकडे तेच आहे आणि ते त्यावर खूश आहेत. तोटा हा की एका बॉक्सवर सहसा एका वेळी एकच वाहिनी चालते, म्हणजे अण्णांचं रेकॉर्ड होताना आईला मालिका बघता येणार नाही. पण दुसरा बॉक्स आणि दोन तोंडांचा एलएनबी घेतला तरी सगळं मिळून तुमच्या ३०,००० च्या पासंगालाही लागणार नाही.

टायमरची यादी रिमोटने भरणं मात्र किचकट असतं, आणि काही बॉक्स वीज गेली की टायमर विसरतात.

---

सातपुडा_पायथा

शहाद्याहून. दोन गोष्टींवर माझं मत वेगळं आहे.

पहिली, जुना आय३ टाकून देऊ नका. तिसऱ्या पिढीचं आतलं ग्राफिक्स एमपीईजी-२ आणि एमपीईजी-४ दोन्ही उलगडतं, एचईव्हीसी तेवढं जमत नाही. फ्री डिशला तेवढं पुरतं. कार्डाला जागाही आहे. तो नुसता बसून असताना ३०-४० वॉट खाईल, एन१०० डिस्कसकट १०-१५ वॉटमध्ये भागवेल. दिवसरात्र चालवायचं म्हटलं तर महिन्याला जुन्याचे २२-२९ युनिट आणि नव्याचे ७-११ युनिट, असा फरक आहे. शिवाय तेच वॉट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पडतात. तरीही आधी जुन्यावर कार्ड लावून सगळं चालवून बघा, मग बोर्ड बदला. कार्ड आणि डिस्क उचलून नव्यात टाकता येतात, काहीच वाया जात नाही. फक्त जुन्या कॅबिनेटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) त्याआधी बदला. इतक्या वर्षांच्या एसएमपीएसवर नवी डिस्क लावू नये.

दुसरी गोष्ट रिमोटची. हा मुद्दा कोणी काढला नाही, आणि अण्णांसाठी तोच सगळ्यात मोठा आहे. टीव्हीच्याच रिमोटने संगणक चालायचा असेल तर एचडीएमआयमधून जाणारी सीईसी नावाची सोय लागते. टीव्हीत ती सहसा असते, साध्या संगणकात नसते. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या छोट्या संगणकात असते. म्हणून मी दोन भाग करीन. आतल्या गार खोलीत रेकॉर्ड करणारा संगणक, त्यावर टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. टीव्हीमागे रास्पबेरी पाय ४, त्यावर लिब्रेईएलईसी ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यात कोडी, म्हणजे टीव्हीवर यादी दाखवून कार्यक्रम लावणारं सॉफ्टवेअर. मधे एक लॅनची वायर. वायफायवर ठेवू नका, मातीच्या जाड भिंतीतून ते धड पोहोचत नाही. पायचं ॲल्युमिनियमचं खोकं घ्या, ते स्वतःच उष्णता बाहेर टाकतं. पायला डिस्क नाही, त्यामुळे पत्र्याखालच्या खोलीत बिघडण्यासारखं फार काही नाही. अण्णांच्या हातात टीव्हीचा नेहमीचा रिमोट राहील: वर, खाली, ओके, मागे.

कोडीत एक सेटिंग नक्की करा, पडद्याचा रिफ्रेश रेट चित्राप्रमाणे बदलू देण्याची. आपलं प्रसारण सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं आहे आणि टीव्ही ६० वर राहिला तर बातम्यांची खालची पट्टी झटके देत सरकते. तुमच्या कामात तर पट्टीवरचे आकडेच वाचायचे आहेत.

---

केळीबाग_यावल

सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ, फ्रिक्वेन्सी बघितल्या, दोन्ही वाहिन्या वेगवेगळ्या आहेत, म्हणजे दोन ट्यूनर लागणारच. दोन्ही वाहिन्या आमच्या बॉक्सवर व्ह्यूइंग कार्ड न घालता दिसतात.

पांझराकाठ दादा, आमच्या बॉक्सला यूएसबी आहे, पण शनिवारी टायमर लावून गेले आणि मधे वीज गेली की पुढचा सगळा आठवडा कोरा, हे मला परवडणारं नाही. आणि अण्णांना यादी हवी आहे. "मागच्या महिन्यातला तो निंबोळी अर्काचा" म्हणाले की तो सापडला पाहिजे.

मी असं ठरवतेय: जुना आय३ नव्या एसएमपीएससह आतल्या खोलीत, दोन ट्यूनरचं कार्ड, २ टीबी पर्पल, टीव्हीमागे पाय ४, आणि चार तोंडांचा एलएनबी. उरलेल्या पैशांत पुढच्या वर्षी एन१०० चा बोर्ड. इन्व्हर्टरचं बटण बघितलं, नॉर्मलवर होतं, फिरवलं.

तीन प्रश्न राहिलेत. लिनक्सवर हे कार्ड लगेच ओळखलं जातं का? रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरीही संपली तर फाइल जाईल का? आणि एलएनबी आमच्या गावातला डिशवाला बदलेल, त्याला काय सांगू?

---

भुसावळ_जंक्शन

ताई, ठरवलंय ते चांगलं आहे. पायचं मला सुचलं नव्हतं, शहाद्याच्या भाऊंचं बरोबर आहे.

टीबीएसच्या बऱ्याच कार्डांना कंपनीचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो, आणि लिनक्सचा कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बदलला की तो पुन्हा बांधावा लागतो. तुम्ही आठवडाभर नसता, म्हणून त्या संगणकावर आपोआप अपडेट बंद करा. एकदा चाललं की कर्नेल तोच ठेवा. तो संगणक नेटला जोडायचाच नाही, तेव्हा तसं केल्याने काही बिघडत नाही. एक बघा, नेट नसेल तर घड्याळाची वेळ मदरबोर्डच्या सेलवर चालते, आणि जुन्या संगणकात तो सेल संपलेला असतो. वेळ चुकली की सगळे टायमर चुकले. सीआर२०३२ चा नवा सेल टाका. टीव्हीहेडएंडला उपग्रहाच्या प्रवाहातूनही वेळ घेता येते, ती सोय लावून ठेवा.

फाइल जाणार नाही. टीव्हीहेडएंडमध्ये रेकॉर्डिंग ट्रान्सपोर्ट स्ट्रीम म्हणून साठवायचा पर्याय निवडा, म्हणजे शेवट .टीएस असलेल्या फायली होतात. ही पद्धतच प्रसारणासाठी बनवलेली आहे, मधे कुठेही तुटली तरी तिथपर्यंतचं चालतं. एमपी४ ला शेवटी अनुक्रमणिका लिहावी लागते, ती लिहायच्या आत वीज गेली तर अख्खी फाइल उघडत नाही.

टायमर वेळेवरून, रोजचा, वाहिनीनुसार लावा. आधी ५ मिनिटं आणि नंतर १५ मिनिटं जादा ठेवा. सामना किंवा एखादं थेट प्रक्षेपण लांबलं की पुढचे कार्यक्रम सरकतात. जागा भरली की सगळ्यात जुनं आपोआप पुसायचं ठेवा, पण अण्णांना ठेवायचे असतील ते वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, नाहीतर निंबोळी अर्काचाही पुसला जाईल.

डिशवाल्याला सांगा की जुना एलएनबी काढायच्या आधी तो पकडीत किती आत आहे आणि किती तिरपा फिरवलेला आहे, दोन्हींची पक्क्या शाईने खूण कर. नवा त्याच खुणेवर बसवला तर छत्री हलवावी लागत नाही. हललीच तर आपल्या भागातून जीसॅट-१५ आग्नेयेला, उत्तरेपासून मोजून साधारण १३८ अंशांवर आणि क्षितिजापासून ५८ अंश वर आहे. इतका वर आहे की समोर झाड असलं तरी सहसा आड येत नाही. जोडांवर पाणी जाऊ नये म्हणून रबरी टोप्या आणि टेप लावायला सांगा, आणि वायर एलएनबीपाशी खाली वळसा देऊन आण, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता तिथून गळतं.

हे काम मेच्या आधी उरकून घ्या. केळी आडव्या करणारं वादळ छत्रीही फिरवतं, तेव्हा खांबाच्या नटांना डबल नट मारून घ्या. नवा एलएनबी बसल्यावर बॉक्समध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे दिसतील, त्यातला गुणवत्तेचा लिहून ठेवा. पावसाळ्यात चित्र फुटायला लागलं तर तो आकडा बघायचा: ढग गेल्यावर परत पहिल्याइतका आला तर तो पावसाचा परिणाम, नाही आला तर छत्री हलली आहे.